बाटलीपासून ओठांपर्यंत



२२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या सामन्यांदरम्यान मुंबईच्या सलामीच्या फलंदाजाच्या लघवीचा नमुना घेण्यात आला. हा फलंदाज आपल्या शेजारच्या विरारचा. पहाटेच्या लोकलने वांद्र्याच्या मैदानावर जाणारा मुलगा, नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा काढणारा शाळकरी, २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा कर्णधार, त्याच वर्षी ऑक्टोबरात राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक ठोकणारा पृथ्वी शॉ. त्याच्या नमुन्यात टर्ब्युटॅलिन सापडले. १६ जुलैला त्याच्यावर आरोप ठेवला गेला आणि ३० जुलैला क्रिकेट मंडळाने निकाल जाहीर केला. खोकल्यासाठी घेतलेल्या औषधातून हे द्रव्य अनवधानाने शरीरात गेले हा त्याचा खुलासा मंडळाने स्वीकारला. बंदी आठ महिन्यांची घातली, पण ती मागच्या तारखेपासून, म्हणजे १६ मार्चपासून मोजली आणि १५ नोव्हेंबरला संपवली. मधल्या काळात, २४ मार्चपासून, तो दिल्लीकडून आयपीएल खेळून मोकळा झाला होता. बंदीचा काही भाग त्याने मैदानावरच भोगला, असे म्हटले तर ते विनोदाने म्हटल्यासारखे वाटेल, पण कागदावर तसेच आहे.

या प्रकरणाकडे आपण दोन सोप्या नजरांनी पाहतो. पोराने चोरी केली, ही एक नजर. बिचाऱ्याला खोकला झाला होता, नियमच आंधळा आहे, ही दुसरी. दोन्ही नजरा पोरावरच खिळलेल्या असतात. मला आज त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांविषयी बोलायचे आहे. बाटली कपाटात असते तेव्हा ती औषध असते आणि ओठांना लागते तेव्हा गुन्हा होते. या दोन टोकांच्या मध्ये कोणीतरी उभे असते. ती देणारा, सुचवणारा, विकणारा, किंवा सांगायला हवे होते तरी गप्प बसलेला असा कोणी. वेगवेगळ्या खेळांतली मोठी प्रकरणे पाहिली की उत्तेजकांचा व्यवहार याच मधल्या जागेत वाढतो हे दिसते, आणि शिक्षा मात्र त्या जागेपर्यंत क्वचितच पोचते. जिथे ही मधली माणसे जाणती आणि महागडी असतात, तिथे खेळाडू वाचतो. जिथे ती अडाणी किंवा लबाड असतात, तिथे तोच नियम त्याची उमेदीची वर्षे घेऊन जातो. माझे म्हणणे एवढेच आहे.

आधी नियम नीट समजून घेऊ. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली. तिचे इंग्रजी नाव आद्याक्षरांनी ‘वाडा’ असे होते आणि आपल्या राष्ट्रीय संस्थेचे ‘नाडा’. पालघर जिल्ह्यात वाडा म्हटले की कोलमचा तांदूळ आठवतो, त्यामुळे ही नावे आपल्या कानाला जरा गमतीची वाटतात. त्यांचा नियम मात्र गमतीचा नाही. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ते कसे गेले, कोणी दिले, हेतू काय होता, हे प्रश्न शिक्षा किती द्यायची हे ठरवताना येतात. दोष आहे की नाही हे ठरवताना येत नाहीत. टर्ब्युटॅलिन श्वासनलिका रुंद करते. आपल्याकडे कफाच्या कितीतरी सिरपमध्ये ते ब्रोमहेक्सिनसारख्या घटकांबरोबर असते आणि पावसाळ्यात घरोघरी चमच्याने दिले जाते. दम्यासाठी वापरले जाणारे त्याच जातीचे साल्ब्युटॅमॉल पंपातून ठरावीक मात्रेपर्यंत चालते. टर्ब्युटॅलिन मात्र वैद्यकीय कारण दाखवून परवानगी घेतल्याशिवाय कोणत्याही मार्गाने चालत नाही. दोन्ही औषधे एकाच दुकानातल्या एकाच फळीवर असतात. हा फरक वाडाच्या यादीत स्पष्ट छापलेला आहे. बाटलीच्या लेबलवर तो नसतो, आणि आपल्या मेडिकलच्या काउंटरवरच्या पोराला तो ठाऊक असण्याचे काही कारणही नाही.

मंडळासाठी तरी ही नवलाई नव्हती. युसूफ पठाणच्या नमुन्यात मार्च २०१७ मध्ये हेच टर्ब्युटॅलिन सापडले होते, खुलासाही खोकल्याच्या औषधाचाच होता, आणि बंदी पाच महिन्यांची झाली होती. म्हणजे दोन वर्षांत त्याच मंडळाच्या दुसऱ्या खेळाडूला त्याच घटकाने गाठले. पाच महिने की आठ महिने याची चर्चा वर्तमानपत्रांतून झाली. पहिल्या प्रकरणानंतर मुंबईच्या संघापर्यंत साधी सूचना कशी झिरपली नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणी मागितले नाही.

आता जगाकडे वळू. खेळागणिक मोहाची वस्तू बदलते. सायकलस्वाराला रक्तात प्राणवायू जास्त हवा असतो, बेसबॉलपटूला दंडात ताकद, वजनगटात बसू पाहणाऱ्या मल्लाला अंगातले पाणी काढून टाकणारी गोळी. नेमबाजाला तर उत्तेजन नकोच असते, त्याला हात स्थिर हवा असतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदके प्रोप्रानोलॉलमुळे गेली, आणि ते औषध आपल्याकडे रक्तदाबाचे कितीतरी रुग्ण घेत आले आहेत. वस्तू बदलते, पण मधला माणूस सगळीकडे असतो. १९९८ मध्ये टूर द फ्रान्स सुरू होण्याच्या तोंडावर फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवर फेस्टिना संघाची एक गाडी अडवली गेली आणि तिच्यात उत्तेजकांचा साठा सापडला. गाडी चालवत होता तो संघाचा मालिशवाला. तोवर सायकलिंगच्या चाचण्यांनी जे पकडले नव्हते, ते जकात अधिकाऱ्यांनी डिकी उघडून पकडले. अमेरिकेत २००३ मध्ये बाल्को या प्रयोगशाळेचे प्रकरण फुटले ते एका प्रशिक्षकाने गुपचूप पाठवलेल्या सिरिंजमुळे. तिच्यात असे स्टेरॉईड होते, जे तोवरच्या चाचण्यांना दिसतच नव्हते. बेसबॉलविषयीचा मिचेल अहवाल डिसेंबर २००७ मध्ये आला आणि त्यातली बरीचशी नावे पुढे आली ती न्यूयॉर्कच्या एका संघाच्या कपडेखोलीत काम केलेल्या माणसाच्या जबानीतून. सायकलस्वार लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्समधली १९९९ ते २००५ ची सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. ती प्रयोगशाळेच्या एखाद्या निकालामुळे गेली नाहीत, २६ जणांच्या साक्षींमुळे गेली, आणि त्या साक्षीदारांत १५ सायकलस्वार होते. मालिशवाला, प्रशिक्षक, कपडे सांभाळणारा, सहकारी ही सगळी माणसे खेळाडूच्या हाताच्या अंतरावर असतात. या खेळांचे खरे रूप चाचणीच्या बाटलीने नव्हे, याच लोकांनी उघड केले. मग उत्तेजकांविषयी बोलताना आपण फक्त लघवीच्या नमुन्याविषयी का बोलतो?

मधला माणूस नेहमी खलनायकच असतो असे मात्र नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये शेन वॉर्न दक्षिण आफ्रिकेतला विश्वचषक सुरू होता होता घरी परतला, आणि मग त्याच्यावर एक वर्षाची बंदी आली. गोळी आईने दिली, असे त्याने सांगितले. २०११ मध्ये मँचेस्टर सिटीचा फुटबॉलपटू कोलो टूरे सहा महिन्यांसाठी बाहेर बसला. त्याने बायकोच्या वजन कमी करण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. घरचे माणूस भल्यासाठीच देते. पण नियमाला भले-बुरे कळत नाही, आणि कळू नये हे मीही मानतो. त्याचे कारण पुढे सांगेन.

अंतर किती पडते ते दोन प्रकरणे शेजारी ठेवली की कळते. मार्च २०२४ मध्ये इटलीचा टेनिसपटू यानिक सिनर याच्या दोन नमुन्यांत क्लोस्टेबॉल सापडले. हे ॲनाबॉलिक स्टेरॉईड आहे, टर्ब्युटॅलिनपेक्षा कितीतरी गंभीर वर्गातले. खुलासा असा की त्याच्या फिटनेस प्रशिक्षकाने इटलीत औषधाच्या दुकानातून जखमेवरचा स्प्रे आणला, फिजिओने तो स्वतःच्या कापलेल्या बोटावर मारला आणि त्याच हाताने मालिश केली. खुलासा पटण्यासारखा होता, कारण तो पुराव्यानिशी आला होता: खरेदी, तारीख, साक्ष आणि तज्ज्ञांची मते. स्वतंत्र न्यायमंडळाने त्याला निर्दोष ठरवले. वाडाने अपील केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन महिन्यांवर तडजोड झाली. एकही ग्रँड स्लॅम चुकली नाही. सिनरने लबाडी केली असे मला सुचवायचे नाही. मला तो निकाल योग्यच वाटतो. मला फक्त हे दाखवायचे आहे की निर्दोष असणे आणि निर्दोष असल्याचे सिद्ध करता येणे यांत वकिलाची फी असते. त्या दोन सहायकांची नोकरी तेवढी गेली, आणि त्यातल्या एकाला त्याने २०२५ मध्ये परत बोलावलेही.

दुसरे प्रकरण आपल्याकडचे. २०११ ते २०१३ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला, महाराष्ट्र पोलिसांच्या सेवेतला मल्ल नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकला निघाला होता. २५ जून २०१६ च्या नमुन्यात त्याच्या शरीरात मेथॅनडायनोन हे स्टेरॉईड सापडले. सोनीपतच्या शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे तो म्हणाला. नाडाच्या मंडळाने १ ऑगस्टला ते मान्य करून त्याला सोडले, वाडाने अपील केले, आणि १८ ऑगस्टला, लढतीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने रिओतच त्याला चार वर्षांची बंदी घातली. मिसळल्याचा ठोस पुरावा नाही, आणि सापडलेले प्रमाण एक-दोन गोळ्या तोंडाने घेतल्याशी जुळते, असा तज्ज्ञांचा अभिप्राय होता. लवादापुढे जे आले त्यावरून निकाल दुसरा लागणे कठीण होते. पण जरा विचार करा. तालमीतल्या खुराकापासून शिबिरातल्या स्वयंपाकघरापर्यंत कशाची नोंद होती? पावडरचा डबा कोणी उघडला, कोणाकडून आला, त्याच्या तळाशी उरलेली पूड कोणी जपून ठेवली? खरे काय घडले हे मी या व्यासपीठावरून ठरवू शकत नाही. ते ठरवता येईल अशी व्यवस्था त्याच्याभोवती नव्हती, एवढे मात्र ठरवता येते. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०१० मध्ये चार गुणिले चारशेच्या रिलेत सुवर्ण जिंकणाऱ्या चौघींपैकी तिघी पुढच्याच वर्षी स्टेरॉईडमध्ये सापडल्या. प्रशिक्षकाने चीनमधून आणलेल्या जिनसेंगकडे त्यांनी बोट दाखवले. त्या युक्रेनी प्रशिक्षकाला काढून टाकले गेले. मुलींची शिक्षा मात्र क्रीडा लवादाने एका वर्षाची दोन वर्षे केली आणि लंडन ऑलिंपिक गेले.

आता खेळाच्या मालकांविषयी थोडेसे. आपले क्रिकेट मंडळ वर्षानुवर्षे नाडाला दूर ठेवून होते. आम्ही स्वायत्त आहोत, आमच्या चाचण्या आम्ही करून घेतो, खेळाडूंचा ठावठिकाणा आगाऊ कळवणे त्यांच्या सुरक्षेला धोक्याचे आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. शॉ प्रकरणात नमुना फेब्रुवारीचा आणि निकाल जुलैच्या अखेरचा. ९ ऑगस्ट २०१९ रोजी मंडळाने नाडाच्या कक्षेत यायचे कबूल केले. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही. जून २०२० मध्ये पाच क्रिकेटपटूंना ठावठिकाणा न कळवल्याबद्दल नोटिसा गेल्या तेव्हा मंडळाने पासवर्डचा घोळ झाल्याचे सांगितले. जगातल्या सर्वांत श्रीमंत मंडळाला पासवर्ड सापडत नाही म्हटल्यावर पुढे काय बोलायचे! बाहेरचे परीक्षक तरी धुतल्या तांदळासारखे होते का? ऑगस्ट २०१९ मध्येच दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता वाडाने दर्जाच्या कारणावरून थांबवली, आणि ती परत मिळायला २०२१ चा डिसेंबर उजाडला.

इथे आपल्या आचोळ्यात हे सगळे कशासाठी ऐकायचे, असा आक्षेप इथेच निघेल. हे मोठ्यांचे, टीव्हीवरच्यांचे प्रकरण आहे. आपल्या पोरांच्या चाचण्या कोण घेतो? मला वाटते प्रश्न उलटा आहे. २०२३ मध्ये नाडाने ५,६०६ नमुने तपासले, त्यातले ३.८ टक्के सदोष निघाले, आणि मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. हे सगळे टीव्हीवरचे नव्हेत. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे अधिकारी आल्याची कुणकुण लागली आणि शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू धावला. स्वच्छतागृहांत सिरिंजा पडलेल्या होत्या. ही राज्यपातळीची स्पर्धा होती, तिथे ना जाहिरातीचे पैसे ना कॅमेरे. मग कशासाठी? नोकरीसाठी, प्रमाणपत्रासाठी. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत. या सवलती असायलाच हव्यात. पण पदकाला शेतीच्या तुकड्याइतकी किंमत आली की त्यासाठी काय काय केले जाईल, याचा हिशेबही करायला हवा. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या अर्धमॅरेथॉनमध्ये महाराष्ट्राच्या एका धावपटूच्या नमुन्यात ऑक्सँड्रोलोन सापडले आणि चार वर्षांची बंदी आली. अशा वेळी पत्रकार परिषद होत नाही. तज्ज्ञ नसतो, वकील नसतो, कित्येकदा सुनावणी मागण्याइतके बळही नसते.

आणि जिथे चाचणीच नाही तिथे काय चालते? गल्लीतल्या जिममध्ये ‘सायकल’ हा शब्द सायकलीसाठी वापरत नाहीत. आठ किंवा बारा आठवड्यांचा स्टेरॉईडचा डोस म्हणजे सायकल. ‘मुंबई श्री’सारख्या स्पर्धांची स्वप्ने पाहणारी मुले प्रोटीनच्या डब्यापासून सुरुवात करतात, आणि डबा विकणाराच पुढची बाटलीही सुचवतो. मेफेंटरमिनचे उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेत रक्तदाब कोसळला तर भूलतज्ज्ञ ते टोचतो. पुण्यात पोलिसांनी ते व्यायामशाळांत जाणाऱ्या तरुणांना विकणाऱ्यांना वेळोवेळी पकडले आहे, कारण त्याने दमणूक कळेनाशी होते. वाडाच्या यादीत ते आहेच. पण इथे धोका यादीचा नाही, हृदयाचा आहे. इथला मधला माणूस पांढऱ्या कोटात नाही, टी-शर्टमध्ये आहे, आणि तोच मुलांचा गुरूही आहे.

दुसरा आक्षेप जास्त बुद्धिमान आहे आणि तो परदेशात गांभीर्याने मांडला जातो. सगळ्यांनाच घेऊ द्या. उघडपणे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. लपवाछपवी संपेल, सगळे समान पातळीवर येतील. हे ऐकायला छान आहे. पूर्व जर्मनीत देखरेख होतीच की. सरकारी डॉक्टर होते, नोंदवह्या होत्या, मोजून दिलेल्या निळ्या गोळ्या होत्या. ज्या कोवळ्या मुलींना जीवनसत्त्वे म्हणून त्या दिल्या गेल्या, त्यांतल्या कित्येकींची शरीरे आयुष्यभरासाठी बिघडली. शिवाय परवानगी मिळाली की न घेण्याचे स्वातंत्र्य संपते. ज्याला नको आहे त्यालाही घ्यावेच लागते. आणि देखरेख कोणाला मिळणार? सिनरला. नालासोपाऱ्याच्या मल्लाला तीच टी-शर्टवाली देखरेख मिळणार.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत जड वाटतो. मधल्या माणसाकडे बोट दाखवू दिले की प्रत्येक चोर खोकला काढील. खरे आहे. म्हणूनच मी म्हटले की नियमाला भले-बुरे कळू नये. खेळाडूची जबाबदारी सैल केली तर चाचणी उद्याच बंद करावी लागेल, कारण हेतू लघवीत सापडत नाही. पण खेळाडूची जबाबदारी कायम ठेवून तिच्यात भागीदार वाढवता येतात. वाडाच्या संहितेत उत्तेजक देणाऱ्याला आणि विकणाऱ्याला आजन्म बंदीपर्यंतची तरतूद आहे. आपला २०२२ चा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा प्रशिक्षक, डॉक्टर, फिजिओ यांनाही कक्षेत घेतो. तरतुदींचा दुष्काळ नाही. चौकशी पुढे सरकत नाही, कारण खेळाडूचा नमुना सदोष निघाला की प्रकरण सुटले असे सगळ्यांनाच वाटते. पोलिसांनी चोरीचा माल ज्याच्या घरी सापडला त्याला पकडावे आणि सोनाराला विचारूच नये, तसे हे आहे.

यावर कोणी म्हणेल की माहिती तर आता मोफत आहे, नाडाचे ‘नो युवर मेडिसिन’ हे ॲपसुद्धा आहे. आहे, आणि ते वापरावे. पण ते वापरायला आधी शंका यावी लागते, आणि खोकल्याच्या बाटलीची शंका कोणाला येते? शंका घेणे हे ज्याचे काम आहे असा माणूस श्रीमंत खेळांत पगारावर असतो. आपल्याकडे ते काम शाळेच्या क्रीडाशिक्षकाचे, तालमीच्या वस्तादाचे, मेडिकलवाल्याचे आहे, आणि त्यांना ते कोणी सांगितलेले नाही. शिकवायला फार लागत नाही. यादी दरवर्षी १ जानेवारीला नवी लागू होते. तिच्यातली आपल्याकडच्या दुकानांत मिळणारी औषधे एका पानावर मराठीत मावतात.

नमुना देताना खेळाडूला मागच्या सात दिवसांत घेतलेली औषधे आणि पूरके लिहून द्यावी लागतात. वसई-विरारची मॅरेथॉन असो की तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव, आपल्या स्पर्धांच्या प्रवेशअर्जावर अशीच दोन ओळींची जागा ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. कोणते पूरक घेता, ही पहिली ओळ. ते कोणी दिले, ही दुसरी. पहिली ओळ बरेच जण भरतील. दुसऱ्या ओळीत जिमवाला, दुकानदार, प्रशिक्षक स्वतःचे नाव किती खुशीने लिहू देतात, हे पाहायला मला आवडेल.